गावचा बंद पब गावानेच विकत घ्यायचा तर: कायदा, पैसा, इमारत आणि तळघर

वेशीबाहेर

इंग्लंडमध्ये ज्यांच्या गावातला शेवटचा पब बंद पडलाय, किंवा मालक विकायच्या बेतात आहे, त्यांच्यासाठी हा धागा काढतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट. 'विकणे आहे'चा बोर्ड लागल्यावर धावपळ सुरू केलीत तर वेळ पुरत नाही. पब चालू असतानाच त्याची ॲसेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू, म्हणजे गावाच्या दृष्टीने मोलाची मिळकत, म्हणून नोंद करून घ्या. सगळे एसीव्ही म्हणतात, मीही तेच म्हणतो. लोकॅलिझम ॲक्ट २०११ मधली ही तरतूद सप्टेंबर २०१२ पासून इंग्लंडमध्ये लागू आहे. अर्ज पॅरिश कौन्सिल, म्हणजे इथली ग्रामपंचायत, करू शकते, किंवा स्थानिक मतदारयादीत नाव असलेले किमान २१ जण एकत्र येऊन करू शकतात. फी नाही. तिच्या वरच्या स्थानिक कौन्सिलने (पुढे नुसतं 'कौन्सिल' म्हणतो ते हेच) ८ आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो आणि नोंद ५ वर्षं टिकते. पाच वर्षांनी ती आपोआप गळते, म्हणून पुढच्या अर्जाची तारीख कुणाच्या तरी कॅलेंडरमध्ये हवीच.

अर्ज फेटाळले जातात ते बहुधा दोन कारणांनी. एक म्हणजे 'आमचा पब फार छान आहे' एवढंच लिहिलेलं असतं. कौन्सिलला पुरावा हवा असतो तो लोकांच्या सामाजिक वापराचा: डार्ट्सचा संघ कुठल्या वारी खेळतो, अंत्यविधीनंतर लोक कुठे जमतात, क्रिकेट क्लबची बैठक, विणकामाचा गट, पायवाटेने येणारे चालणारे. हे वार, तारखा आणि फोटोंसकट द्या. दुसरं म्हणजे पब बंद पडून बरीच वर्षं झालेली असतात. कायदा 'नजीकचा भूतकाळ' एवढंच म्हणतो, वर्षं मोजून देत नाही. त्यामुळे जितका उशीर तितका वाद.

अर्जासोबतच्या नकाशावर मिळकतीची लाल रेघ ओढताना बाग, पार्किंग आणि मागचं गोदाम आत घ्या. नुसत्या इमारतीभोवती रेघ ओढली तर मालक पार्किंग वेगळं विकू शकतो, आणि पार्किंगशिवाय खेड्यातलं जेवणाचं गिऱ्हाईक येत नाही.

आता मुदती. मालकाने विकायचा इरादा कौन्सिलला कळवला की तिन्ही मुदती त्याच दिवसापासून मोजायच्या. ६ आठवड्यांत गावाच्या गटाने 'आम्हाला बोली लावायची आहे' असं लेखी कळवायचं. ते कळवलं तर एकूण ६ महिने मालकाला बाहेरच्या कुणाला विकता येत नाही. त्यानंतर १८ महिने पुरे होईपर्यंत तो कुणालाही विकू शकतो. सूचना १ मार्चला आली तर तुमचं पत्र १२ एप्रिलच्या आत, आणि पैशांची जुळणी ऑगस्टअखेर. सहा महिने ऐकायला बरे वाटतात, पण सोसायटीची नोंदणी, मूल्यांकन, भागविक्री आणि वकील या सगळ्याला ते जेमतेम पुरतात.

आणि हा बोली लावायचा हक्क आहे, विकत घेण्याचा नाही. मालक गावाला नाही म्हणू शकतो. चालता धंदा इमारतीसकट दुसऱ्या पबचालकाला विकला तर ही थांबण्याची अटही लागत नाही. जुलै २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकात गावाला खरेदीचा पहिला हक्क आणि १२ महिन्यांची मुदत आहे, म्हणून अर्ज करताना त्या दिवशी कुठला कायदा लागू आहे ते कौन्सिलकडून लेखी घ्या. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे आणि वेल्समध्ये एसीव्ही नाही.

गोदाकाठ

नाशिकहून वाचतेय. आपल्याकडे बायका आडव्या बाटलीसाठी मतदान घडवून आणतात आणि निम्म्याहून जास्त मतं पडली की दारूचं दुकान बंद होतं. तिकडे गाव पैसे काढून पब उघडतंय. विरोध करायला लिहीत नाहीये, पण यामागचा विचार समजून घ्यायचा आहे.

डेल्समधली

गोदाकाठताई, प्रश्न अगदी रास्त आहे. आडव्या बाटलीमागे जे दुःख आहे ते खरं आहे आणि त्या बायकांची लढाईही खरी आहे. इथली परिस्थिती वेगळी. लहान खेड्यातलं दुकान गेलेलं असतं, पोस्ट गेलेलं असतं, बस दिवसाला एखादी. संध्याकाळी उघडी असलेली, ऊब असलेली आणि आमंत्रणाशिवाय शिरता येईल अशी एकच खोली उरते, ती पबची. कॉफी घेऊन तासभर बसलं तरी कुणी उठवत नाही.

नॉर्थ यॉर्कशरमधल्या हड्सवेलचा जॉर्ज अँड ड्रॅगन २००८ मध्ये बंद पडला आणि २०१० मध्ये गावाने घेतला. तिथे पबच्या आतच छोटं वाचनालय आणि दुकान आहे, मागे गावकऱ्यांना भाजी लावायला वाफे आहेत. त्यालाच कॅमरा या बिअर आणि पबप्रेमींच्या ग्राहक संघटनेचा २०१६ चा राष्ट्रीय 'पब ऑफ द इयर' मिळाला. डर्बीशरच्या बॅमफर्डमधल्या अँगलर्स रेस्टमध्ये पोस्ट आणि कॅफे आहे. ब्रायटनचा बेव्ही तर खेड्यातला नाही, कौन्सिलच्या घरांच्या वस्तीतला आहे. तो डिसेंबर २०१४ मध्ये लोकांनी पुन्हा उघडला आणि ज्येष्ठांची एकत्र जेवणं हा त्याच्या कामाचा मोठा भाग आहे.

व्यवहाराच्या दृष्टीनेही हेच खरं. फक्त बिअरवर खेड्यातला पब क्वचितच तगतो. सकाळची कॉफी, रविवारचं जेवण, पार्सलं ठेवण्याची सोय हे सगळं धरूनच हिशेब मांडा.

नकाशेवाला

एसीव्हीवर सगळेच बोलतात, पण नियोजन परवानगीचं अस्त्र जास्त धारदार आहे. २३ मे २०१७ पासून इंग्लंडमध्ये पबचं दुकान किंवा ऑफिस करायचं, किंवा पब पाडायचा, तर नियोजन परवानगी लागते. त्याआधी बरेच पब परवानगीशिवायच सुपरमार्केट झाले.

पबची घरं करायची असतील तरीही मालकाला अर्ज करावाच लागतो, आणि त्यासोबत 'पब चालूच शकत नाही' असा अहवाल जोडलेला असतो. तो शांतपणे वाचा. किती महिने आणि किती किमतीला बाजारात ठेवला होता? किंमत पबची होती की घरांच्या प्लॉटची? तोट्याचे आकडे कुठल्या वर्षांचे, आणि तेव्हा चालक एकाच कंपनीची बिअर चढ्या भावाने घेण्याच्या कराराने बांधलेला होता का? बांधील पबचा तोटा हा मुक्त पबच्या तोट्याचा पुरावा होत नाही. कॅमराची पब व्हायेबिलिटी टेस्ट याच प्रश्नांची यादी आहे, ती मुद्देसूद भरून हरकतीसोबत द्या.

हरकतीला साधारण २१ दिवस मिळतात. एकाच मजकुराची तीनशे पत्रं पाठवण्यापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांची तीस पत्रं बरी. घरांच्या किमती उतरतील, मालक लोभी आहे असलं काही लिहू नका, नियोजनात ते मोजलं जात नाही. जवळचा दुसरा पब किती मैलांवर, तिथवर पदपथ आहे का, रात्री बस आहे का, हे मोजलं जातं.

लंडनच्या मैडा व्हेलमधला कार्लटन टॅव्हर्न एप्रिल २०१५ मध्ये विकासकाने परवानगी नसताना पाडला. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने तो जसा होता तसा पुन्हा बांधायला लावला आणि एप्रिल २०२१ मध्ये तो उघडला. पाडण्याआधीच तो वारसा म्हणून नोंदवण्याचा विचार चालला होता आणि इमारतीच्या तपशिलांची नोंद झाली होती, म्हणून 'जसा होता तसा' म्हणजे कसा हे सांगता आलं. आपल्या पबचे आतले-बाहेरचे फोटो, फरशा, लाकडी काउंटर, खिडक्यांची मापं आजच घेऊन ठेवा.

सहकारातला

पैशांकडे येतो. सांगली-कोल्हापूरकडच्यांना हे पटकन समजेल: साखर कारखान्याचा सभासद व्हायचं तसंच हे. भाग कितीही घ्या, मत एकच. इथे त्यासाठी कम्युनिटी बेनिफिट सोसायटी काढतात, २०१४ च्या सहकार कायद्याखाली. नोंदणी एफसीए या वित्तीय नियामकाकडे, सुरुवातीला किमान ३ सभासद. नियमावली स्वतः लिहायला बसू नका. प्लंकेट यूके या संस्थेची आदर्श नियमावली आहे, ती आहे तशी घेतली की नोंदणी लवकर होते. १९१९ पासूनची ही संस्था गावची दुकानं आणि पब यांनाच मदत करते.

हे भाग शेअरबाजारातले नव्हेत, कुणाला विकता येत नाहीत. सोसायटीकडून परत घेता येतात, तेही संचालक मंडळाने परवानगी दिली तर, आणि भरले तेवढेच. भाव वाढत नाही, सोसायटी तोट्यात गेली तर उतरू शकतो. एका व्यक्तीला असे जास्तीत जास्त १ लाख पौंडांचे भाग घेता येतात. बँक ठेवीसारखं सरकारी संरक्षण या पैशाला नाही, आणि हे माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. ज्यांना बुडाले तर झेपणार नाहीत त्यांनी घेऊ नयेत, हेही तिथेच.

क्रम असा ठेवा. आधी घरोघरी सर्वेक्षण, त्यात 'किती भाग घ्याल' हा प्रश्न. मग लेखी आश्वासनं. आश्वासनातले सगळे पैसे येत नाहीत, म्हणून निम्मेच येतील असं धरून चाला. मग सोसायटी, आराखडा, स्वतंत्र मूल्यांकन, आणि शेवटी ६ ते ८ आठवड्यांची भागविक्री. तिला किमान रकमेची अट हवीच. ती गाठली नाही तर प्रत्येकाचे पैसे परत, आणि तोवर ते वेगळ्या खात्यात. किमान भाग फार मोठा ठेवू नका. ५० पौंडांचे शंभर सभासद पैशाने ५ हजारच देतात, पण तेच शंभर जण मंगळवारी संध्याकाळी पबमध्ये दिसतात.

केंद्र सरकारचा १५ कोटी पौंडांचा कम्युनिटी ओनरशिप फंड डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला. जुन्या लेखांत त्याचं नाव दिसेल, त्यावर हिशेब बांधू नका. कर्जासाठी कोऑपरेटिव्ह अँड कम्युनिटी फायनान्स, की फंड, ट्रायोडॉस, आणि इमारत वारसा यादीतली असेल तर आर्किटेक्चरल हेरिटेज फंड, इथे विचारा. पॅरिश कौन्सिललाही सरकारी परवानगीने पब्लिक वर्क्स लोन बोर्डाचं कर्ज घेता येतं. त्याचा हप्ता मात्र स्थानिक करातून जातो, म्हणून आधी गावाचं म्हणणं रीतसर नोंदवा.

पुणेकर_लीड्स

सहकारातला, किंमत ३.५ लाख पौंड धरली तर वर किती जोडायचे?

सहकारातला

मुद्रांक, म्हणजे स्टॅम्प ड्यूटी, इंग्लंडमध्ये राहत्या घरांच्या नव्हे, व्यापारी मिळकतींच्या दराने: पहिल्या १.५ लाखांवर शून्य, पुढच्या १ लाखावर २ टक्के, त्यावर ५ टक्के. ३.५ लाखांवर ७,००० पौंड होतात. राहायचा भाग त्याच इमारतीत असला तरी वकिलाकडून दर तपासून घ्या.

खरा फटका व्हॅटचा. मालकाने त्या मिळकतीवर व्हॅट लावायचा पर्याय आधी घेतलेला असेल तर किंमत ४.२ लाख होते, आणि मुद्रांकही ४.२ लाखांवरच, म्हणजे १०,५०० पौंड. ते ७० हजार परत मिळवायचे तर सोसायटी व्हॅटला नोंदलेली हवी, आणि पब स्वतः चालवणारी किंवा भाड्यावर व्हॅट आकारणारी हवी. परतावा येईपर्यंत पैसे अडकतात. म्हणून किमतीची पहिली बोलणी करतानाच 'व्हॅटसह की व्हॅटशिवाय' हे लेखी विचारा.

त्यावर वकील, सर्वेक्षण, दुरुस्ती, दुरुस्तीच्या १५ ते २० टक्के अडचणींसाठी राखीव, आणि निदान तीन महिने धंदा न होता चालेल एवढं खेळतं भांडवल. भांडवल कमी पडतं ते इथेच. सगळा जोर इमारत घेण्यावर जातो आणि उघडायच्या दिवशी तिजोरीत माल भरायलाही पैसे नसतात.

चुनाविटा

बंद इमारतीबद्दल. वर्षभर गरम न केलेल्या पबमध्ये हिवाळ्यात पाइप फुटतात आणि पाणी आठवडेच्या आठवडे कुणाला कळत नाही. छपरावरचं शिसं आणि आतलं तांबं चोरीला जातं. नुसतं मूल्यांकन म्हणजे तपासणी नव्हे, स्ट्रक्चरल सर्वेक्षण वेगळं करून घ्या. सोबत विजेच्या वायरिंगचा अहवाल, गॅसची तपासणी, २००० पूर्वीची इमारत असेल तर ॲस्बेस्टॉसची पाहणी, आणि गटारात कॅमेरा सोडून केलेली पाहणी. खेड्यात सेप्टिक टँक असेल तर त्याचं पाणी कुठे जातं ते शोधा. थेट ओढ्यात सोडणं चालत नाही, आणि नवी सांडपाणी यंत्रणा हा मोठा खर्च आहे.

जुन्या दगडी भिंतींना कुणीतरी सिमेंटचा गिलावा केलेला असतो. ओल आत कोंडते, म्हणून वर कितीही रंग द्या, पोपडे येतातच. तो काढून चुन्याचा गिलावा करायचा आणि सुकायला महिने द्यायचे. स्वयंसेवक रंग, बाग, फर्निचर यात उत्तम. वीज, गॅस, ॲस्बेस्टॉस आणि छप्पर यांना त्यांनी हात लावायचा नाही, विमा मिळत नाही.

स्वयंपाकघराचं एक: धुराड्याचा पंखा आणि गॅस एकमेकांना जोडलेले हवेत, पंखा बंद तर गॅस बंद. जुन्या पबमध्ये हे बहुतेक नसतं. जेवणाची कमाई पहिल्या महिन्यापासून धरली असेल तर हा खर्च आधी करावा लागतो.

तळघर

पब उघडल्यावर गिऱ्हाईक टिकतं की जातं ते तळघरात ठरतं, म्हणून सविस्तर लिहितो.

कास्क एल जिवंत असते, पिंपातच तिचं आंबणं पुरं होतं. तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस. त्याहून गरम झालं तर फेस अनावर होतो आणि बिअर लवकर आंबते, फार थंड झालं तर गढूळ दिसते. पिंप आलं की लगेच घोडीवर चढवून पाचर लावायची, म्हणजे नंतर हलणार नाही. साका बसायला साधारण एक ते दोन दिवस द्या. मग वरच्या बुचात मऊ लाकडाची खुंटी ठोकून वायू सोडायचा, जोर ओसरला की कठीण खुंटी. तोटी ठोकल्यावर विक्रीच्या वेळात मऊ, रात्री बंद करताना कठीण. रात्रीची कठीण खुंटी विसरली की दुसऱ्या दिवशी बिअर बेचव आणि सपाट.

तोटी लागल्यापासून तीन दिवसांत पिंप संपायला हवं, आणि गावाच्या पबचं गणित इथेच चुकतं. फर्किन म्हणजे ९ गॅलन, ७२ पाइंट. तळाचा साका वजा जाता ६८ विकायला मिळतात असं धरू. पिंप ११० पौंडांना पडलं, व्हॅट सोडून, आणि पाइंट ५ पौंडांना विकला, तर व्हॅट जाऊन हाती ४.१७. एका पाइंटची खरेदी १.६२, म्हणजे ६१ टक्के नफा. आता तीन दिवसांत ५० पाइंटच खपले आणि बाकी ओतावे लागले, तर खरेदी २.२० पडते आणि नफा ४७ टक्क्यांवर येतो. पगार, वीज, विमा यातूनच भागवायचे असतात. म्हणून काउंटरवर बिअर ओढायचे सहा हातपंप लावायचा मोह टाळा. दोनच ठेवा, आणि आठवड्याच्या सुरुवातीला ३६ पाइंटचं छोटं पिंप, पिन, मागवा. खप वाढला की तिसरा पंप.

नळ्या दर ७ दिवसांनी धुवायच्या. रसायन बाटलीवर दिलेल्या प्रमाणात आणि तेवढाच वेळ, मग साफ पाणी येईपर्यंत फ्लश. रसायन रात्रभर नळीत सोडू नका. वर्षभर बंद असलेल्या पबच्या जुन्या नळ्या धुण्यात वेळ घालवू नका, बदलूनच टाका. बुरशी आतल्या थरात गेलेली असते आणि चव कधीच जात नाही.

तळघरात कार्बन डायऑक्साइडचा अलार्म बसवा. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. अलार्म वाजत असताना कुणीही खाली उतरायचं नाही, दुसऱ्याला वाचवायलाही नाही.

डेल्समधली

आता चालवणार कोण. माझं स्पष्ट मत आहे, इमारतीची बोली लावण्याआधी हे ठरलेलं हवं. एक वाट म्हणजे भाडेकरू: सोसायटी इमारतीची मालक, भाडेकरू स्वतःच्या जोखमीवर धंदा करतो. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटचा ओल्ड क्राउन गावाने २००३ मध्ये घेतला, त्याची आणि हड्सवेलची पद्धत हीच. दुसरी वाट म्हणजे पगारी व्यवस्थापक, नफा-तोटा सोसायटीचा. बेव्ही तसा चालतो. त्यात सामाजिक काम जास्त करता येतं, पण पगारपत्रक, साठा, व्हॅट हे सगळं समितीच्या गळ्यात. समितीत धंद्याचा अनुभव असलेली दोन तरी माणसं नसतील तर भाडेकरूच घ्या.

भाडेकरार पाच वर्षांच्या आसपास, १९५४ च्या भाडेकरू कायद्यातल्या मुदतवाढीच्या हक्कातून रीतसर बाहेर ठेवलेला. त्यासाठी सही करण्याआधी भाडेकरूला ठरावीक नमुन्यातली सूचना द्यावी लागते आणि त्याचं निवेदन घ्यावं लागतं. छप्पर आणि बाहेरच्या भिंती सोसायटीकडे, आतलं त्याच्याकडे. भाडं पहिल्या वर्षी कमी आणि पुढे उलाढालीशी जोडलेलं ठेवा. पहिल्याच हिवाळ्यात पूर्ण भाडं मागितलं तर चांगला माणूस वसंत ऋतूपर्यंत थांबत नाही.

भाडेकरू निघून जाण्याचं एक कारण पैशाचं नसतंच. दोनशे सभासद म्हणजे दोनशे मालक, आणि प्रत्येकजण काउंटरवर येऊन सूप बदला, संगीत कमी करा सांगतो. करारातच लिहा की सोसायटीतर्फे एकच व्यक्ती भाडेकरूशी बोलेल, महिन्यातून एकदा, बसून. बाकीच्यांनी गिऱ्हाईक व्हायचं.

पुणेकर_लीड्स

खरेदी होईपर्यंत सहा-आठ महिने लोकांचा उत्साह टिकवायचा कसा? आणि जुना चालक दिवाळखोर झालाय, मद्यपरवान्याचं काय होतं?

नकाशेवाला

उत्साहाचं: गावच्या सभागृहात तात्पुरता पब भरवा. कौन्सिलला तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस द्यायची, टेन म्हणतात. फी २१ पौंड, कामकाजाचे १० दिवस आधी, एका वेळी ४९९ पर्यंत माणसं. सूचना दिल्याचा आणि कार्यक्रमाचा दिवस त्या दहात धरत नाहीत, म्हणून निदान तीन आठवडे आधीच टाका. तिथेच भागविक्रीचे अर्ज ठेवा. आणि दर वेळी किती पाइंट, किती जेवणं गेली ते लिहून ठेवा, तळघर यांनी वर मांडलेल्या हिशेबात भरायला तुमच्याच गावचे आकडे मिळतील.

परवान्याचं तातडीचं आहे. पब नुसता बंद पडला तर जागेचा परवाना जिवंत राहतो, वार्षिक फी थकली तर स्थगित होतो. पण परवानाधारक दिवाळखोर झाला किंवा वारला तर तो रद्द होतो, आणि त्या दिवसापासून २८ दिवसांत हस्तांतराचा अर्ज केला तरच पुन्हा उभा राहतो. हस्तांतर २३ पौंडांत होतं. मुदत गेली तर संपूर्ण नवा अर्ज, २८ दिवसांच्या हरकतींसकट, आणि जुन्या परवान्यातले रात्रीचे उशिराचे तास तसेच मिळतील याची खात्री नाही. कौन्सिलच्या परवाना नोंदवहीत धारक म्हणून कुणाचं नाव आहे ते उद्याच बघा: व्यक्तीचं, तिच्या कंपनीचं, की इमारतीच्या मालकाचं. मालकाचं असेल तर घाई नाही. चालकाचं असेल तर दिवाळखोरीची तारीख काढा, सोसायटी नोंदलेली असेल तर तिच्या नावाने लगेच अर्ज टाका, नसेल तर मालकाला त्याच्या नावाने टाकायला सांगा. परवाना टिकला तर इमारतीची किंमतही टिकते, त्यामुळे तो बहुधा नाही म्हणत नाही. विक्री सुरू करायच्या आधी वैयक्तिक परवाना असलेला एक माणूस जबाबदार म्हणून नोंदवावा लागेल. त्या परवान्याची फी ३७ पौंड आहे आणि आधी एक छोटी परीक्षा द्यावी लागते, तेव्हा समितीतल्या दोघांनी आत्ताच देऊन ठेवा.